मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले बीटल्सचे गाणे आणि त्यामागचे आपले वादक

बोरीबंदर

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या दोनशेहून अधिक गाण्यांतून एकच निवडायला सांगितले, तर मी 'द इनर लाइट' निवडतो. हे सांगितल्यावर बीटल्सचे जुने चाहतेदेखील थोडे आठवत बसतात, कारण हे गाणे त्या काळच्या त्यांच्या कोणत्याही मोठ्या तबकडीवर नव्हते. १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना' या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला ते आले आणि बहुतेकांच्या घरी ती बाजू फारशी वाजलीच नाही. बँडमधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याची रचना बीटल्सच्या छोट्या तबकडीवर येण्याची ती पहिलीच वेळ होती. शब्द ताओ ते चिंगच्या ४७ व्या अध्यायावर आधारलेले आहेत. तो अध्याय हॅरिसनला सुचवला केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे हुआन मास्कारो यांनी. लंडनमधल्या पॉप गायकाने, संस्कृतच्या अध्यापकाच्या सांगण्यावरून, चिनी ग्रंथातला विचार घेऊन केलेले हे गाणे. आणि त्याचे सगळे वादन झाले ते आपल्या मुंबईत.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता मार्गावर असलेल्या एचएमव्ही या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या स्टुडिओत काही दिवस ध्वनिमुद्रण चालले. चित्रपटाचे काम होत आले असताना, १२ जानेवारीला, त्याच वादकांकडून त्याने या गाण्याचा वाद्यमेळ वाजवून घेतला. गायन मागाहून, फेब्रुवारीत, लंडनला झाले. स्टीरिओ मुद्रणासाठी लागणारे दोन ट्रॅकचे यंत्र तेव्हा त्या स्टुडिओत नव्हते, ते एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणले. पुढे हॅरिसनने त्या दिवसांच्या आठवणी सांगताना म्हटले आहे की, संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की मुद्रण थांबवावे लागे, कारण जिना उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचा आवाज आत येई. आणि नीट कान दिला तर काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीसुद्धा ऐकू येतात.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे फोर्टात गेली. कचेरी सुटल्यावर जिन्यांवर उठणारा तो धडधडाट मला चांगला परिचयाचा आहे, त्यामुळे ही आठवण वाचली तेव्हा हे गाणे मला एकदम आपल्या अंगणातले वाटू लागले.

गाण्याची बांधणी पाहा. सुरुवातीला पखवाजाच्या जोरकस ठेक्यावर सनई आणि सरोद धावत सुटतात. मग तो सगळा वेग एका जागी उतरतो, हार्मोनियमचा सूर खाली पसरतो आणि हॅरिसन अगदी साध्या, सरळ आवाजात गाऊ लागतो. त्याच्या ओळीच्या आजूबाजूने बासरी फिरते, पण ओळीच्या आड येत नाही. पुन्हा धावता तुकडा, पुन्हा संथ कडवे. घराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते, हा या शब्दांचा आशय. धावणारी वाद्ये आणि जागेवर स्थिर बसलेला आवाज, यांच्या आलटूनपालटून येण्यातच तो आशय पोहोचतो. जेमतेम अडीच मिनिटांच्या गाण्यात हे साधले आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते. त्यात गिटार नाही, ड्रम नाहीत, आणि बीटल्सपैकी कोणाचेच वाद्य नाही. हॅरिसनचे बँडमधले सहकारी लेनन आणि मॅकार्टनी यांचे आवाज येतात ते शेवटच्या ओळींपुरते.

आवडत्या बँडबद्दल बोलताना आपण गायकांपाशी थांबतो. या गाण्याने मला वादकांची नावे शोधायची सवय लावली. सरोदवर आशीष खाँ, म्हणजे उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. पखवाजावर कलकत्त्याचे महापुरुष मिश्र. 'वंडरवॉल म्युझिक' या तबकडीच्या वेष्टनावर आणखी नावे आहेत: सनईवर शरद आणि हनुमान, तारशहनाईवर विनायक व्होरा, संतूरवर शिवकुमार शर्मा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड, बासरीवर एस. आर. केंकरे. पुढे जगभर नावाजल्या गेलेल्या शिवकुमारांचे आडनावदेखील त्या वेष्टनावर धड छापलेले नाही. तरीही नावे छापली गेली, हे महत्त्वाचे. कारण त्याच काळात आपल्याकडे हिंदी आणि मराठी गाण्यांच्या तबकड्यांवर साथीदारांची नावे क्वचितच असत.

बीटल्सची किंवा अन्य कोणत्याही बँडची अशी गाणी, ज्यांत आपला वादक वाजवतो आणि त्यामुळे ते गाणे आपल्याला अधिक जवळचे झाले, त्यांच्याविषयी इथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

तिहाई

बोरीबंदर, फार चांगला विषय काढलात. मी तबला शिकतो, त्यामुळे माझे उत्तर ठरलेले आहे: 'लव्ह यू टू'. ऑगस्ट १९६६ मध्ये आलेल्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीवरचे चौथे गाणे. तिच्या वेष्टनावर तबलावादकाचे नाव छापलेले आहे: अनिल भागवत. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती, आणि ते नाव 'भागवत' असावे, याने मराठी माणसाचे कान टवकारणारच.

त्या मुद्रणाची हकिगत भागवतांनी स्वतः सांगितलेली आहे. ११ एप्रिल १९६६ रोजी त्यांना अंगडी नावाच्या गृहस्थांचा फोन आला की, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कोणता जॉर्ज, ते काही फोनवर सांगितले नव्हते. दाराशी रोल्स रॉइस येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांना उलगडा झाला. ॲबी रोडच्या स्टुडिओपाशी पोहोचले तर बाहेर मुलींची गर्दी, थर्मास आणि खाण्याचे डबे घेऊन बीटल्सची वाट पाहत उभी. आत गेल्यावर हॅरिसनने त्यांच्यासोबत तबला सुरात लावून घेतला, रविशंकरांच्या पद्धतीचे सोळा मात्रांचे काहीतरी वाजवा असे सुचवले आणि बाकीचे त्यांच्या बुद्धीवर सोडले.

आता वादनाकडे वळतो. आरंभी सतार लयीशिवाय, आलापासारखी फिरते. मग तबला येतो आणि थेट द्रुत गतीच्या वेगातच येतो. भागवतांचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा तबला, ऐकण्यासारखा आहे: चाटेवरचे, म्हणजे उजव्या तबल्याच्या कडेवरचे, बोल स्वच्छ आणि कोरडे, तर बायाँवरची घिसक, म्हणजे तळवा सरकवून काढलेला घुमारा, अशी की गाण्याला खालून सतत ओढ लागत राहते. शेवटी लय चढते आणि चढत्या लयीतच गाणे विरून जाते. आम्हा शिकणाऱ्यांना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडल्याशिवाय चैन पडत नाही. इथे मात्र सम गाठण्याआधीच आवाज मावळतो, आणि दर वेळी पुढचे आवर्तन मी मनातल्या मनात पूर्ण करतो.

टेम्सकाठ

तिहाई यांनी उल्लेख केलेले अंगडी म्हणजे अयन अंगडी. ते आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया उत्तर लंडनमध्ये फिंचली भागातल्या आपल्या घरातून 'एशियन म्युझिक सर्कल' ही संस्था चालवीत. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन तिचे अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड' या गाण्याच्या मुद्रणात हॅरिसनच्या सतारीची तार तुटली, तेव्हा नवी तार कुठे मिळेल म्हणून याच संस्थेकडे विचारणा झाली आणि तिथून ओळख वाढत गेली. जून १९६६ मध्ये हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांची भेट झाली, तीही अंगडींच्याच घरी.

मी लंडनमध्ये बरीच वर्षे राहते आणि इथल्या मराठी कार्यक्रमांत हार्मोनियमची साथ करते. त्यामुळे माझे मन 'विदिन यू विदाऊट यू' या गाण्यात गुंतलेले आहे. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या तबकडीतले हे पाच मिनिटांचे गाणे. त्यात साथ करणारे भारतीय वादक याच संस्थेमार्फत आलेले होते: दिलरुबा या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तानपुऱ्यावर बुद्धदेव कंसारा. वेष्टनावरच्या चित्रात एवढी माणसांची गर्दी असलेली ती जगप्रसिद्ध तबकडी, पण या चौघांची नावे तिच्यावर नव्हती, आणि ती सर्वतोमुखी व्हायला पन्नास वर्षे जावी लागली. भागवतांचे नाव छापणाऱ्याच बँडने वर्षभराने या चौघांची नावे गाळली, याचे मला अजूनही वाईट वाटते. ही माणसे दिवसा दुसरे काहीतरी करून पोट भरणारी आणि संध्याकाळी वाद्याची गवसणी काढणारी होती. आमच्या इथल्या मंडळांत साथीला बसणाऱ्यांची स्थिती आजही फारशी वेगळी नाही.

या गाण्यात दिलरुबा गायकाच्या ओळीला चिकटून चालतो, ख्यालाच्या मैफलीत सारंगी चालते तसा. तिहाई यांना आवडेल अशी एक जागा सांगते: कडवी सोळा मात्रांच्या चालीत आहेत, पण मधल्या वाद्यखंडात ताल बदलून दहा मात्रांचा होतो, आणि तिथे सतार आणि दिलरुबा यांची सवालजबाबाची लहानशी बैठक जमते. मागाहून बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आठ व्हायोलिने आणि तीन चेलो यांचे संगीत त्यावर चढवले. लंडनच्या व्हायोलिनवादकांना स्वर घसरत न्यायची सवय नसते. दिलरुब्याच्या मींडेशी त्यांची मींड जुळावी म्हणून मार्टिन यांना बरीच मेहनत घ्यावी लागली, आणि ती वाया गेलेली नाही. दोन्ही मींडी एकाखाली एक ऐकल्या, तर कोणती कुठे संपते ते क्षणभर कळत नाही.

षड्जपंचम

मी या चर्चेत थोडा वेगळा सूर लावणार आहे, आणि तो मनापासून लावणार आहे.

मला ही गाणी आवडतात, परंतु त्यांना रागसंगीत म्हणण्याचा मोह आपण टाळावा. 'विदिन यू विदाऊट यू' खमाज थाटाच्या स्वरांत आहे, पण त्यात खमाज रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने केलेला विस्तार, नाही, वादी-संवादींचा, म्हणजे रागातल्या प्रमुख स्वरांचा, विचार नाही. हॅरिसनने स्वतःच सांगून ठेवले आहे की, रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका दीर्घ रचनेवरून त्याने ते बांधले. अर्ध्या-पाऊण तासाची गोष्ट पाच मिनिटांत बसवताना जे गळायचे, ते गळणारच. शिवाय वादक बोलावून घ्यायचे, आपल्या रचनेत बसवायचे आणि निरोप द्यायचा, या व्यवहारात वादक पाहुणाच राहतो. तो बँडचा होत नाही.

म्हणून माझा आवडता बँड 'शक्ती' आहे. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम: गिटार, तबला, व्हायोलिन आणि घटम्, म्हणजे वाजवायचा मातीचा घडा. त्यांची पहिली तबकडी १९७६ मध्ये आली आणि ती थेट मैफलीची होती. इथे कोणी कोणाच्या गाण्यात वाजवत नाही, चौघेही एकाच पातळीवर बसलेले आहेत. मॅक्लॉफ्लिनने या वादनासाठी गिटारच्या पडद्यांमधली जागा खोलगट करून घेतली, जेणेकरून तार दाबून वीणेसारखी गमक काढता यावी. आपल्या संगीताकडे येण्यासाठी त्याने स्वतःचे वाद्य बदलले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि माहीमला वाढलेल्या झाकीरभाईंनी उत्तरेचा कायदा आणि दक्षिणेचा कोरवै या तालवादनातल्या रचनांना एका मांडीवर बसवले. तबला आणि घटम् यांचे त्यांचे संवाद ऐकताना पाहुणा आणि यजमान असा भेद मनात येतच नाही. २०२४ मध्ये, बदललेल्या संचासह, 'धिस मोमेंट' या तबकडीसाठी त्यांना ग्रॅमी मिळाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

पाटीपेटी

षड्जपंचम, 'शक्ती'बद्दलचे तुमचे म्हणणे मान्य आहे. परंतु पाहुण्याचा मुद्दा १९६८ च्या मुंबईला लागू करण्याआधी एका गृहस्थांचे स्मरण करायला हवे, ते म्हणजे जी. एन. जोशी.

मराठी वाचकांना ते भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक म्हणून ठाऊक आहेत. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता त्यांनी गायिली आणि ती घराघरांत पोहोचली. तेच जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले, आणि १९६७ मध्ये त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी काढली: शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. तिघेही तेव्हा तरुण होते. संतूर हे अजून मैफलीचे वाद्य म्हणून रुजायचे होते, आणि गिटारवर राग वाजवणे अनेकांना पटत नव्हते. परदेशांत ही तबकडी हातोहात गेली, आणि हॅरिसन तिच्या चाहत्यांपैकी एक होता.

सांगायचे एवढेच की, हॅरिसन मुंबईत आला तेव्हा त्याला येथे केवळ वाद्ये आणि बोटे मिळाली नाहीत. तीन-साडेतीन मिनिटांत नेमके बोलायचे कसे, हे चांगले जाणणारी पिढी त्याला येथे मिळाली. मुंबईचे वादक सकाळी रेडिओवर राग वाजवत आणि दुपारी चित्रपटाच्या गाण्यात आठ मात्रांचा तुकडा चोख टाकत. 'वंडरवॉल'मधले बहुतेक तुकडे एक ते चार मिनिटांचेच आहेत. 'क्राइंग' नावाचा तुकडा तर मिनिटाभरातच आटोपतो, पण व्होरांची तारशहनाई तेवढ्यात काळीज हलवते. इसराजाच्या जातीचे, भोंगा बसवलेले हे वाद्य आज फारसे ऐकायला मिळत नाही. 'लव्ह सीन' या तुकड्यात आशीष खाँ स्वतःच्याच मुद्रित सरोदवर दुसरे सरोद वाजवून स्वतःशी जुगलबंदी करतात. ते ऐकून कोण कोणाचा पाहुणा, असे विचारावेसे वाटत नाही.

माझ्या आजोबांकडे जोशींच्या जुन्या तबकड्या होत्या आणि माझ्या मामाकडे बीटल्सच्या. या दोन कपाटांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. तो सापडला तेव्हा मला फार आनंद झाला.

तिहाई

पाटीपेटी, 'वंडरवॉल'मधली 'गत किरवाणी' ऐकली आहे का? किरवाणी मूळचा कर्नाटक पद्धतीतला राग, आपल्याकडे तो मुख्यतः वादकांनी रुजवला. त्या तबकडीत 'तबला अँड पखवाज' असा स्वतंत्र तुकडाही आहे. ब्रिटिश चित्रपटाच्या तबकडीवर निव्वळ दोन चर्मवाद्यांचा तुकडा ठेवणारा माणूस वादकाला साथीदार म्हणून बाजूला बसवणारा नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

षड्जपंचम

पाटीपेटी यांनी सांगितलेला संदर्भ माझ्या नजरेसमोर नव्हता, आणि त्याने चित्र निश्चितच भरते. तरी माझ्या मुद्द्यातला एक भाग मी सोडत नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी हॅरिसनने योजलेल्या कार्यक्रमात रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती बसले होते. वाद्ये लावून झाली तेव्हा श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी त्यांचे आभार मानून म्हटले की, नुसते लावणे एवढे आवडले असेल, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. श्रोत्यांचे प्रेम खरे होते, कानाची तयारी मात्र अजून व्हायची होती. हॅरिसनच्या गाण्यांनी लोकांना दारापर्यंत आणले, आणि आत नेण्याचे काम पंडितजींना आणि त्यांच्यासारख्यांना जन्मभर करावे लागले.

टेम्सकाठ

दारापर्यंत आणणे हे लहान काम नाही, षड्जपंचम. सप्टेंबर १९७४ मध्ये इथल्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हॅरिसनच्या पुढाकाराने रविशंकरांचा मोठा भारतीय वाद्यवृंद बसला. त्यात हरिप्रसाद, शिवकुमार, अल्लारखाँ, सुलतान खाँ, एल. सुब्रमण्यम, लक्ष्मी शंकर अशी मंडळी होती, आणि हॅरिसन केवळ ओळख करून देण्यापुरता मंचावर आला. तुमच्या कसोटीनुसार त्या रात्री यजमान कोण होते, हे स्पष्ट आहे.

बोरीबंदर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टींची भर घालतो.

षड्जपंचम यांचा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण त्यामुळेच 'द इनर लाइट' बाकीच्या दोन गाण्यांपेक्षा वेगळे का वाटते, ते मला नीट मांडता येते. 'लव्ह यू टू'मध्ये तबला आणि सतार यांच्याबरोबर गिटार आहे, 'विदिन यू'मध्ये मागाहून चढवलेली पाश्चात्त्य तंतुवाद्ये आहेत. 'द इनर लाइट'मध्ये मात्र वादकांना आपली बैठक मोडावी लागलेली नाही. ते आपल्या देशात, आपल्या पद्धतीने वाजवून मोकळे झाले. मग हॅरिसनला त्या वादनापर्यंत चालत जावे लागले. फेब्रुवारीत लंडनला गाण्याची वेळ आली, तेव्हा आपल्याला हे पेलेल की नाही, याविषयी तो साशंक होता, आणि लेनन-मॅकार्टनी यांनी त्याला धीर दिला. आवाजातला तो संकोच गाण्यात उतरला आहे आणि त्या शब्दांना तो शोभतो.

दुसरे असे की, मूळ गाणे 'पास्ट मास्टर्स' या १९८८ च्या संकलनात मिळते. पण 'वंडरवॉल म्युझिक'ची २०१४ ची आवृत्ती मिळाली, तर ती अवश्य ऐकावी. तिच्यात या गाण्याचे गायनाविना, केवळ वाद्यांचे एक निराळे मुद्रण जोडलेले आहे, आणि 'ऑलमोस्ट शंकरा' नावाचा पूर्वी न आलेला एक तुकडाही आहे. तिहाई, वाद्यांच्या त्या मुद्रणात पखवाज नीट ऐकून, दोन धावत्या तुकड्यांमधला ठेका कसा उतरवला आहे, ते जमल्यास येथे बोलांसह लिहावे. मला लय कळते, परंतु बोल उलगडत नाहीत.

तिहाई

अवश्य. पखवाज वाजवणाऱ्या एका स्नेह्यासोबत बसून ऐकतो, कारण खुल्या थापेचे बोल तबल्याच्या कानाने लिहिले तर चुकतात. झाले की येथेच टाकतो.